जुन्या गाडीचा मागचा एक्सल सरळ आहे का, हे घरच्या घरी कसे तपासावे

पुढच्या चाकांचे अलाइनमेंट पुन्हापुन्हा करूनही स्टिअरिंग मध्यावर राहत नसेल, किंवा मागचे टायर एकाच कडेने झिजत असतील, तर आणखी एकदा दुकानात पैसे मोजण्याआधी गाडीची मागची चाके मोजून पाहावीत. ठाणे आणि नवी मुंबईत अलाइनमेंटची दुकाने जागोजागी आहेत, परंतु ग्राहकाने मुद्दाम सांगितल्याशिवाय अनेकदा पुढच्या दोन चाकांचीच जुळवणी होते. बहुतेक लहान गाड्यांत मागच्या चाकांना जुळवणीची सोयच नसल्यामुळे ती मोजण्याचे कष्ट सहसा घेतले जात नाहीत. एमएच-04 किंवा एमएच-43 पाटीच्या, पंधरा वर्षे पूर्ण करून पुनर्नोंदणी झालेल्या कितीतरी चांगल्या गाड्या केवळ या दुर्लक्षामुळे टायर खात राहतात आणि शेवटी कंटाळून भंगारात काढल्या जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. दोष शोधायला लागणारे साहित्य फार थोडे आहे. लागतो तो एक मोकळा दिवस आणि मोजमापातला काटेकोरपणा.

गाडीची दिशा पुढची चाके ठरवतात हे वळणावर खरे आहे. सरळ रस्त्यावर मात्र गाडी ज्या रेषेत धावते ती रेषा मागच्या चाकांची असते. मागची दोन्ही चाके मिळून ज्या दिशेला रोखलेली असतात, तिला थ्रस्ट लाइन म्हणतात, आणि ही रेषा गाडीच्या मध्यरेषेशी जितका कोन करते तो थ्रस्ट अँगल. समजा, मागची चाके किंचित उजवीकडे रोखलेली आहेत. अशा वेळी गाडीचा मागचा भाग उजवीकडे सरकू पाहतो, त्यामुळे तिचे नाक डावीकडे वळते, आणि सरळ जाण्यासाठी चालकाला स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवावे लागते. गाडी सरळ जाते खरी, पण अंगाने तिरकी राहून जाते. दुकानात टाय रॉड (स्टिअरिंगपासून पुढच्या चाकांना वळवणारा, लांबी बदलता येणारा दांडा) फिरवून स्टिअरिंग मध्यावर आणून दिले की तक्रार मिटल्यासारखी वाटते. थ्रस्ट अँगल अगदी थोडा असेल तर पुढची चाके त्या रेषेला जुळवून घेणे ही मान्य पद्धतच आहे. परंतु कोन मोठा असताना, आणि तो का आला हे न पाहता असे केल्यास, फाटलेला बुश (सस्पेन्शनच्या जोडात बसवलेला रबरी तुकडा) किंवा वाकलेला एक्सल तसाच गाडीखाली राहतो.

तपासणीला हात घालण्याआधी आपल्या गाडीच्या मागे कोणत्या प्रकारचे सस्पेन्शन आहे हे वाकून पाहून घ्यावे, कारण दोषाची जागा त्यावर अवलंबून असते. जुन्या अल्टो आणि वॅगन आर या गाड्यांत एकसंध एक्सल असतो. त्याला पुढे-मागे धरून ठेवणारे दोन ट्रेलिंग आर्म आणि आडवा धरून ठेवणारा एक लॅटरल रॉड असतो. स्विफ्ट, आय-20, पोलो अशा गाड्यांत पिळ सहन करणारी टॉर्शन बीम असते आणि ती दोन मोठ्या रबरी बुशांवर बॉडीला जोडलेली असते. ओम्नी आणि बोलेरो यांच्या मागे पाट्यांची स्प्रिंग असते, तर इंडिकामध्ये प्रत्येक चाकाचा आर्म स्वतंत्र असतो.

सर्वप्रथम साध्या कारणांना बाजूला करावे. टायर थंड असताना चारही टायरांत चालकाच्या दाराजवळील पट्टीवर लिहिल्याप्रमाणे हवा भरावी आणि एका बाजूच्या पुढच्या-मागच्या टायरांचे माप व बनावट दुसऱ्या बाजूशी जुळते का, हे पाहावे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावी-उजवीकडे बदलून पाहावेत. ओढ दिशा बदलत असेल तर दोष टायरचा आहे. थोडे अंतर चालवून आल्यावर एखाद्या चाकाच्या ड्रमजवळ हात नेताच इतर चाकांपेक्षा जास्त धग जाणवली, तर ब्रेक धरून राहिला आहे. आपल्याकडे दुभाजक असलेल्या रस्त्यांचा उतार पाणी वाहून जाण्यासाठी साधारणपणे डाव्या कडेकडे असतो, त्यामुळे पाम बीच रोडवर किंवा ठाणे-बेलापूर रोडवर गाडी हलकेच डावीकडे जात असेल तर तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट त्याच उतारावर ती उजवीकडे जात असेल तर संशयाला जागा आहे. या चाचणीसाठी स्टिअरिंग सोडून देऊ नये. ते हलक्या हाताने धरून, गाडी सरळ जात असताना त्याचा मधला दांडा किती कलला आहे, एवढेच पाहावे.

आता टायरकडे वळावे, कारण मागच्या टायरवर बराचसा इतिहास लिहिलेला असतो. मात्र टायर अलीकडेच पुढे-मागे फिरवले असतील तर हा इतिहास दुसऱ्याच चाकाचा असू शकतो, हे लक्षात ठेवावे. तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवावा. बाहेरून आत नेताना नक्षी गुळगुळीत लागते आणि आतून बाहेर आणताना धार बोचते, असे असेल तर त्या चाकाची पुढची कड आत वळलेली आहे, म्हणजे टो-इन जास्त आहे; याच्या उलट लागले तर टो-आउट आहे. एका मागच्या चाकावर टो-इनची आणि दुसऱ्यावर टो-आउटची धार सापडली, तर दोन्ही चाके एकाच दिशेला रोखलेली आहेत, आणि थ्रस्ट अँगलचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा क्वचितच मिळतो. धार न बोचता फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड सपाट झिजली असेल तर कॅम्बरचा, म्हणजे चाक उभ्या रेषेपासून आत किंवा बाहेर कलल्याचा, संशय घ्यावा. ठरावीक अंतराने खळगे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर आणि बेअरिंग आधी पाहावे, तरी पुढचे इंजिन पुढची चाके फिरवते अशा गाड्यांत मागचा चुकलेला टोही असेच खळगे पाडतो.

पावसाळ्यात एक चाचणी फुकटात करता येते. पाऊस थांबून सोसायटीतला सिमेंटचा रस्ता वाळला, पण एखाद्या ठिकाणी पाणी साचलेले राहिले, की त्या पाण्यातून गाडी अगदी सरळ आणि सावकाश बाहेर काढावी आणि उतरून ओले माग पाहावेत. मागच्या चाकांचे माग दोन्ही बाजूंना पुढच्या मागांच्या सारखेच आत असतील, तर मागचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांतील अंतर, मुळातच अरुंद आहे आणि त्यात वावगे काही नाही. परंतु एका बाजूला मागचा माग आत आणि दुसऱ्या बाजूला बाहेर दिसत असेल, तर गाडी तिरकी चालते आहे किंवा एक्सल आडवा सरकला आहे. या दोन शक्यतांतला फरक मोजमापानेच कळतो.

मोजण्याआधी गाडीखालची पाहणी करावी. मागची चाके उचलली की हँडब्रेकचा उपयोग संपतो, कारण तो मागच्याच चाकांवर असतो. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी आणि गाडी गिअरमध्ये ठेवावी. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर टेकवलेल्या गाडीखाली कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये. जॅक स्टँड पक्क्या काँक्रीटवर ठेवावेत. पेव्हर ब्लॉक दबतात आणि उन्हात डांबरही दबते. चाक वर-खाली धरून हलवावे; खडखड जाणवली तर बेअरिंग गेले आहे आणि ते बदलेपर्यंत पुढच्या मापांना अर्थ नाही. चाक फिरवून रिमच्या कडेजवळ एक स्थिर टोक धरावे आणि रिम कुठे किती डगमगते ते खडूने रिमवर लिहावे. घोडबंदर रोडच्या पावसाळी खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या गाडीची रिम वाकलेली असणे अगदी शक्य आहे, आणि वाकलेली रिम मोजताना सरळ एक्सललाही तिरका ठरवते.

बुशांची परीक्षा मात्र चाके जमिनीवर असतानाच चांगली होते, कारण लटकत्या एक्सलचे रबर वेगळ्याच स्थितीत पिळलेले असते. हँडब्रेक लावून मदतनिसाला गाडी पुढे-मागे ढकलायला सांगावे आणि बाजूने टॉर्च मारून ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या टोकाकडे पाहावे. एका बाजूचे टोक दुसऱ्यापेक्षा जास्त हलत असेल तर त्या बाजूचे रबर सुटले आहे. त्यानंतर गाडी आडवी ढकलून लॅटरल रॉडची दोन्ही टोके पाहावीत. टॉमी लावून बुश हलवून पाहता येतो, परंतु जोर बेताने लावावा, कारण चांगला बुशही थोडा हलतोच. रबरातील चीर, लोखंडी नळीपासून सुटलेला भाग आणि मध्यापासून सरकलेला बोल्ट या तीन खुणा महत्त्वाच्या. पाट्यांच्या गाडीत पाटे एकत्र बांधणारा मधला बोल्ट तुटला आहे का हे पाहावे, कारण तो तुटला की एक्सलची एक बाजू पुढे किंवा मागे सरकते.

खाडीकाठच्या आमच्या हवेबद्दल येथेच सांगायला हवे. वाशी, ऐरोली, कळवा, बेलापूर या भागांत वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांत बुश शाबूत आणि तो ज्या पत्र्याला धरतो तो पत्राच गंजून सैल झालेला, असे होऊ शकते. बुशाच्या कंसाभोवतीचा चिखल पाण्याने धुऊन, वाळवून, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकून पाहावा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, किंवा गंजाचे पापुद्रे सुटले, तर बाकी सर्व बाजूला ठेवून आधी हे काम बॉडीचे वेल्डिंग नीट जाणणाऱ्या माणसाला दाखवावे. या एका बाबतीत थांबून चालत नाही, कारण आर्म बॉडीतून सुटला तर मागचे चाक जागा सोडते.

यानंतर दोरीने मोजायचे आहे. जमीन सपाट हवी. इमारतीखालच्या पार्किंगला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, म्हणून गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून चारही चाकांखालची पातळी पाहावी आणि गरजेप्रमाणे पातळ प्लायवुड किंवा फरशीचे तुकडे घालून ती सारखी करावी. डिकी रिकामी करावी, पण स्टेपनी जागेवर ठेवावी. गाडी जॅकवरून उतरवल्यावर पाच-सहा मीटर पुढे आणि तेवढीच मागे हलवावी, दोन्ही टोकांना बंपर दाबून सोडावा आणि मगच मापे घ्यावीत. हे न केल्यास टायर जमिनीवर जसे टेकले तसेच ताणलेले राहतात आणि माप खोटे येते.

सरकत्या खिडक्या बनवणाऱ्या दुकानातून सुमारे दोन मीटर लांबीचे दोन सरळ ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप आणावेत. दोन्ही एकत्र बांधून, दोन्ही टोकांजवळ एकाच वेळी करवतीने खाचा पाडाव्यात, म्हणजे दोन्ही पाइपांवरील खाचांतील अंतर तंतोतंत सारखे राहते. एक पाइप पुढच्या बंपरसमोर, दुसरा मागच्या बंपरपाठीमागे, चाकाच्या मध्याच्या उंचीवर स्टुलांवर ठेवावा आणि खाचांतून दोन्ही बाजूंना दोरी ताणून बांधावी. दोऱ्या आता एकमेकींना समांतर आहेत. त्या गाडीच्या मध्यरेषेलाही समांतर करायच्या आहेत. त्यासाठी गाडीखालचे डावे-उजवे जुळे बिंदू निवडावेत, उदाहरणार्थ लांबट चेसिस मेंबरवरील कारखान्यातील छिद्रे, दोन पुढे आणि दोन मागे. त्यांच्यापासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करावी, दोरीचीही जागा ओळंब्याने जमिनीवर उतरवावी आणि प्रत्येक जोडीचे अंतर डावीकडे-उजवीकडे सारखे येईपर्यंत पाइप सरकवावेत. हबच्या (चाक ज्या मधल्या भागावर बसते त्याच्या) मध्यापासून दोरी सारखी करण्याचा सोपा मार्ग अनेक जण सांगतात. तो येथे मी टाळतो, कारण एक्सलच सरकलेला असेल तर ती पद्धत चुकीच्या वस्तूलाच आधार मानते.

आता मागच्या प्रत्येक चाकाच्या रिमची पुढची आणि मागची कड, दोन्ही हबच्या उंचीवर, दोरीपासून किती दूर आहे हे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजावे. पुढची कड दोरीपासून जास्त दूर असेल तर टो-इन, कमी असेल तर टो-आउट. त्यानंतर गाडी हलवून चाक अर्धा फेरा फिरवावे, दोऱ्या पुन्हा जुळवाव्यात, पुन्हा मोजावे आणि सरासरी घ्यावी, म्हणजे रिमचा वाकडेपणा हिशेबातून निघून जातो. 13 इंची रिमच्या कडेपासून कडेपर्यंत साधारण 360 मिलिमीटर भरतात, आणि तेवढ्या अंतरावर 1 मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे 0.16 अंश. त्याच रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला ओळंब्यापासून मोजले की कॅम्बर मिळतो. तेथे सुमारे 6.3 मिलिमीटर म्हणजे 1 अंश.

आकडे वाचणे हा या कामाचा गाभा आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवतो. समजा, गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेनुसार मागच्या प्रत्येक चाकाला अर्धा मिलिमीटर टो-इन हवे आहे. मोजल्यावर डाव्या चाकाला 3 मिलिमीटर टो-इन आणि उजव्याला 2 मिलिमीटर टो-आउट मिळाले. दोन्हींची बेरीज 1 मिलिमीटर टो-इन, म्हणजे पुस्तिकेत दिले तेवढेच. केवळ एकूण टो पाहणारा माणूस ही गाडी निर्दोष ठरवेल. परंतु प्रत्येक चाक अपेक्षेपासून किती ढळले ते पाहिले, तर डावे 2.5 मिलिमीटर आत आणि उजवे तितकेच बाहेर गेले आहे. म्हणजे दोन्ही चाके उजवीकडे रोखलेली असून थ्रस्ट अँगल सुमारे 0.4 अंश आहे. स्टिअरिंगचे गुणोत्तर 17 ला 1 धरले, म्हणजे स्टिअरिंग 17 अंश फिरवल्यावर चाके 1 अंश वळतात असे मानले, तर सरळ जाताना स्टिअरिंग जवळपास 7 अंश उजवीकडे कललेले दिसेल, आणि 2,360 मिलिमीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतराच्या) गाडीत मागचे माग पुढच्यांपेक्षा सुमारे 16 मिलिमीटर उजवीकडे पडतील.

ढळण दोन्हीकडे सारखे आणि उलट दिशेचे आहे, यावरून अख्खा एक्सल फिरला असावा असा अंदाज बांधता येतो. तो पडताळण्यासाठी दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचे अंतर ओळंब्याने जमिनीवर उतरवून मोजावे. ट्रॅक 1,300 मिलिमीटर असेल तर 0.4 अंश फिरलेल्या एक्सलमुळे डावीकडचे अंतर उजवीकडच्यापेक्षा सुमारे 9 मिलिमीटर कमी भरले पाहिजे. तसे भरले, तर दोष ट्रेलिंग आर्मचा बुश, आर्म, त्याचा कंस किंवा पाट्याचा बोल्ट यांपैकी कशात तरी आहे. मात्र पुढचे एखादे चाक खड्ड्याने मागे सरकले असेल तरी दोन बाजूंच्या अंतरांत फरक पडतो, म्हणून पुढचे आणि मागचे हब चेसिसवरील त्याच जुळ्या बिंदूंपासून वेगवेगळे मोजून घ्यावेत. दोन्ही बाजूंचे अंतर सारखे, पण एकाच चाकाचा टो आणि सोबत कॅम्बरही बिघडलेला, अशी स्थिती असेल तर त्या चाकाचा स्टब एक्सल (चाक ज्यावर फिरते तो आखूड दांडा) किंवा बीमचे ते टोक वाकले आहे. सर्व्हिस रोडच्या उंच कडेवर चाक आडवे आदळल्याचा हा नेहमीचा परिणाम. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून अधिक फरक असेल तर तो साधारणपणे संशयास्पद मानावा. टो दोन्हीकडे बरोबर, पण एक हब दोरीपासून दूर आणि दुसरा जवळ, असे असेल तर एक्सल आडवा सरकला आहे. लॅटरल रॉड असलेल्या गाडीत तो रॉड किंवा त्याचे बुश हेच कारण असण्याची शक्यता सर्वाधिक.

हे आकडे कागदावर लिहून, चारही चाकांवर सेन्सर किंवा टार्गेट लावणाऱ्या अलाइनमेंटच्या दुकानात जावे. काहीही सैल करण्याआधी आहे त्या स्थितीचा छापील कागद द्यावा, अशी विनंती स्पष्ट शब्दांत करावी, आणि त्यावर मागच्या प्रत्येक चाकाचा वेगळा टो, कॅम्बर आणि थ्रस्ट अँगल आहे हे तेथेच पाहून घ्यावे. यंत्राचा आकडा आणि आपला आकडा दिशेने जुळले पाहिजेत. दोन-पाच मिनिटांच्या कोनाचा (60 मिनिटे म्हणजे 1 अंश) फरक सोडून द्यावा, कारण दोरीवर अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजेच जवळपास 5 मिनिटे होतात.

दुरुस्ती करताना बुश नेहमी जोडीने बदलावेत. त्यांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी राहिल्यावर, भार घेतलेल्या स्थितीतच पूर्ण आवळावेत. गाडी वर लटकलेली असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. मेकॅनिकला हे आधीच सांगावे आणि शक्य असेल तर त्या वेळी समोर उभे राहावे. वाकलेली टॉर्शन बीम तापवून सरळ करण्याचा सल्ला मिळाला तर तो मानू नये, कारण तापवल्याने पोलादाचा कस जातो आणि ही बीम तर पिळ सहन करण्यासाठीच बनवलेली असते. फरक थोडा असेल तर काही गाड्यांत स्टब एक्सल आणि बीम यांच्यामध्ये पाचरीसारखी शिम घालून टो आणि कॅम्बर सुधारता येतात. कुर्ल्याच्या बाजारातून जुनी बीम आणायची असेल तर ती बसवण्याआधी सपाट जमिनीवर ठेवून, दोन्ही स्टबच्या तोंडांवर सरळ पट्टी धरून मोजावी. दुसऱ्या गाडीची वाकलेली बीम विकत घेण्यात काही अर्थ नाही.

मागची मापे जुळल्यावरच पुढच्या चाकांचे अलाइनमेंट करावे, आणि तेही थ्रस्ट लाइनला धरून. कोणी पूर्वी टाय रॉड फिरवून स्टिअरिंग मध्यावर आणले असेल, तर मागचा एक्सल सरळ होताच ते आता उलट दिशेला कललेले दिसेल. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पुढची जुळवणी झाली की ते जागेवर येते. धार आलेले जुने टायर काही काळ गुणगुणत राहतील. नवे बुश बसून काही आठवडे झाले की दोऱ्या पुन्हा ताणून मागचा टो एकदा मोजावा आणि तो आकडा पहिल्या कागदावर, तारखेसह, खाली लिहून ठेवावा.